मागांच्या गावातून आलेली मोटार

अष्टागरातल्या, म्हणजे अलिबाग-चौल-रेवदंडा पट्ट्यातल्या वाड्यांमधून जाणारे आतले रस्ते मोटारींसाठी आखलेले नाहीत. नागाव घ्या, आक्षी घ्या किंवा चौल घ्या. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, गडग्यांच्या आत नारळ-सुपारी आणि मधून बैलगाडीच्या मापाची वाट. समोरून दुसरे वाहन आले की दोघांपैकी एकाने मागे सरायचे, हा इथला अलिखित नियम. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून या वाटांवर एक लहानशी मोटार दिसू लागली. रुंदी जेमतेम १.४ मीटर, लांबी सुमारे ३.३ मीटर. अ‍ॅम्बॅसडर जिथे अडून बसे तिथून ही गाडी गडग्याला न खरचटता निघून जाई. ती मारुती ८०० होती.

ही १.४ मीटर रुंदी आली कुठून? नागावच्या वाटा मोजून ती कोणी ठरवलेली नव्हती. ती ठरली होती जपानमधल्या एका सरकारी नियमाने. मोटारगाडीचा इतिहास सांगताना आपण बहुधा संशोधकांची आणि कारखानदारांची नावे घेतो. एखाद्या नियमाने गाडीला आकार दिला, असे सहसा कोणी म्हणत नाही. सुझुकी या कंपनीची छोटी, स्वस्त आणि चालवायला मजेची गाडी समजून घ्यायची असेल, तर मात्र नियमांपासूनच सुरुवात करावी लागते. आणि त्याच्याही आधी एका मागापासून.

हामामात्सुचे माग

तोक्यो आणि ओसाका यांच्या साधारण मध्यावर, प्रशांत महासागराच्या काठी हामामात्सु नावाचे शहर आहे. सुती कापड विणणे हा या भागाचा जुना धंदा. सुतारकामात तयार झालेल्या मिचिओ सुझुकी या तरुणाने १९०९ साली तिथे माग बनवण्याचा कारखाना काढला. १९२०मध्ये त्याची कंपनी झाली. मागात सुधारणा करून पेटंट घेण्याचा मिचिओंना नादच होता; त्यांच्या नावावर अशा शंभराहून अधिक नोंदी झाल्या.

माग बनवणारा माणूस मोटारीकडे कसा वळला, याचे नवल वाटेल. पण यंत्रमाग उघडून पाहिला तर नवल कमी होते. यंत्रमागात एक क्रँकशाफ्ट असतो. तो गोल फिरतो आणि त्याच्या जोरावर फणीची चौकट पुढे-मागे होते. मोटारीच्या इंजिनात याच्या अगदी उलट घडते : दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर-खाली होतो आणि त्याच्या जोरावर क्रँकशाफ्ट गोल फिरतो. मागात ताण्याचे धागे योग्य क्षणी उचलण्यासाठी कॅम लागतात. इंजिनात झडपा योग्य क्षणी उघडण्यासाठी कॅमच लागतात. गंमत अशी की साध्या विणीच्या मागात कॅमचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि चार-फटक्यांच्या इंजिनातही कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्याच वेगाने फिरतो. शेकडो सुटे भाग एकसारखे बनवायचे, ते एका ठेक्यात हलवायचे आणि स्वस्तात विकायचे, ही शिस्त मागवाल्याच्या अंगी आधीच बाणलेली असते. टोयोटा या कंपनीचे मूळही मागांतच आहे, हा योगायोग नव्हे.

सुझुकींनी १९३७मध्ये छोट्या मोटारीचा विचार सुरू केला. अभ्यासासाठी इंग्लंडची ऑस्टिन सेव्हन ही छोटी गाडी आणली, नमुनेही बनवले. मग युद्ध आले आणि ते काम थांबले. युद्धानंतर १९५१च्या सुमारास कापसाचा बाजार कोसळला आणि मागांना गिऱ्हाईक राहिले नाही. १९५२ साली सुझुकींनी सायकलला बसवायचे ३६ घन सेंटिमीटरचे इंजिन बाजारात आणले. १९५४मध्ये कंपनीच्या नावात ‘मोटार’ हा शब्द आला. १९५५मध्ये सुझुलाइट ही पहिली मोटार निघाली. तिच्या नमुन्यांची खरी परीक्षा रस्त्यावर झाली : हाकोनेचा घाट चढून ते तोक्योला नेण्यात आले.

३६०चे कुंपण

सुझुलाइटचे इंजिन ३६० घन सेंटिमीटरचे होते. हा आकडा अभियंत्यांनी मनाने निवडलेला नव्हता. युद्धाने खंगलेल्या जपानमध्ये पेट्रोल महाग, पोलाद अपुरे, रस्ते अरुंद आणि लोकांच्या हाती पैसा कमी. सरकारने १९४९पासून ‘केइ’ म्हणजे हलक्या मोटारींचा एक वेगळा वर्ग केला होता. पहिल्या काही वर्षांत त्याची मापे बदलत गेली; १९५०च्या दशकाच्या मध्यावर ती स्थिरावली. इंजिन ३६० घन सेंटिमीटरपेक्षा मोठे नको, लांबी ३ मीटरच्या आत, रुंदी १.३ मीटरच्या आत. जो या कुंपणात राहील त्याला कर कमी, सुरुवातीच्या दशकांत परवाना सोपा आणि ठरावीक मुदतीने होणाऱ्या सक्तीच्या तपासणीतूनही सूट.

हा नियम नीट वाचावा. गाडी कोणी बनवावी, किती बनवाव्या, कितीला विकाव्या, याबद्दल त्यात एक शब्दही नाही. त्यात फक्त माप आहे आणि त्या मापात राहणाऱ्याला बक्षीस आहे. मग जे व्हायचे तेच झाले. १९५८मध्ये सुबारू ३६० आली. १९६०मध्ये माझदाची आर ३६० आली. तिचे वजन होते अवघे ३८० किलो. १९६७मध्ये होंडाची एन ३६० आली. सगळ्यांची इंजिने जवळजवळ सारखी. तेव्हा एकमेकांवर मात करायची ती कशात? कोणाची गाडी हलकी, कोणाची आत जास्त मोकळी, कोणाची हाताला जास्त चपळ, यात. इंजिन वाढवण्याचा सोपा मार्ग बंद झाल्यावर बुद्धीला दुसरी वाट शोधावी लागली.

१९७६मध्ये मर्यादा वाढली : इंजिन ५५० घन सेंटिमीटर, लांबी ३.२ मीटर, रुंदी १.४ मीटर. नागावच्या वाटेवरून निघून गेलेली ती १.४ मीटर इथून आली. १९७८ साली ओसामू सुझुकी कंपनीचे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी अल्टो ही गाडी आणली. किंमत ४ लाख ७० हजार येन; त्या वेळच्या जपानमध्ये ती धक्का बसावा इतकी कमी होती. अल्टोची नोंद मालवाहू वर्गात केलेली असल्याने प्रवासी मोटारींवरचा वस्तुकर तिला लागत नव्हता. बाकीची बचत एकेक सुटा भाग गाळून केलेली होती.

इचलकरंजीचे माग

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रातही मागांचे एक गाव आहे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सारे गावच मागांच्या खडखडाटात बुडून गेले. याच गावात शंकरराव कुलकर्णी नावाचे एक कल्पक कारागीर होते. त्यांनी १९४९मध्ये स्वतः एक छोटी मोटार बनवली. पुढे दोन-अडीच दशके ते तिची नवनवी रूपे बांधत राहिले. ‘मीरा’ या नावाने ती गाडी ओळखली जाते. सामान्य माणसाला परवडेल अशी, इथल्या कारागिराला दुरुस्त करता येईल अशी मोटार, हे त्यांचे उद्दिष्ट होते. ती रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली, पण तिचा कारखाना कधी उभा राहिला नाही.

हामामात्सु आणि इचलकरंजी यांची तुलना फार ताणू नये. सुझुकींच्या मागे तीस-चाळीस वर्षांची कंपनी होती, कामगार होते, भांडवल होते. शंकरराव जवळजवळ एकटे होते. तरीही एक फरक नोंदवण्यासारखा आहे, आणि तो दोन्ही देशांच्या नियमांतला आहे.

आपल्याकडे १९५३पासून ज्यांच्याकडे सुटे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम होता, अशांनाच मोटारीच्या धंद्यात राहू देण्याचे धोरण आले. मुंबईला शिवडीत १९२८पासून गाड्या जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने आपले काम बंद केले. हेतू चांगला होता : उद्योग देशात रुजावा. पण त्याच्या जोडीला परवाना पद्धत होती. किती गाड्या बनवायच्या, कोणी बनवायच्या, हे सरकार ठरवी. प्रवासी मोटारींचे मुख्य उत्पादक राहिले तीन : कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि आपल्या कुर्ल्याची प्रीमियर. स्वस्त छोट्या गाडीवर समित्या बसल्या, अहवाल आले आणि प्रश्न पुढे ढकलला गेला. कुर्ल्याची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, चांगली दणकट गाडी होती. पण तिच्यासाठी वर्षानुवर्षे थांबणारे गिऱ्हाईक दाराशी उभे असताना तिला बदलण्याची गरज कोणाला वाटणार?

म्हणजे दोन्ही देशांत कुंपण होते. जपानचे कुंपण गाडीभोवती होते; आत कोणीही यावे, पण या मापात राहावे. आपले कुंपण कारखान्याभोवती होते. आत जो आहे तो आहे, बाहेरच्याने बाहेरच राहावे. पहिल्या कुंपणाने कल्पकतेला कामाला लावले, दुसऱ्याने तिला फाटकाशीच थांबवले.

गुडगाव आणि १४ डिसेंबर

संजय गांधी यांनी १९७१मध्ये काढलेल्या मारुती मोटर्सला ‘लोकांची गाडी’ काही बनवता आली नाही. सत्तरीच्या अखेरीस ती कंपनी बंद पडली. १९८०मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि फेब्रुवारी १९८१मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली. (त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी आपल्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले होते.) परदेशी भागीदाराचा शोध सुरू झाला आणि ऑक्टोबर १९८२मध्ये सुझुकीशी करार झाला. सुझुकीचा वाटा होता २६ टक्के. जगातल्या मोठ्या मोटार कंपन्यांच्या पंगतीत तेव्हा सुझुकीला कोणी बसवत नव्हते. पण भारताला हवी असलेली वस्तू, म्हणजे कमी पोलादात, कमी पेट्रोलवर चार माणसे नेणारी गाडी, हीच तिची खासियत होती.

१९८३मध्ये दहा हजार रुपये अनामत भरून नोंदणी सुरू झाली तेव्हा एक लाखाहून अधिक लोकांनी नावे घातली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली देण्यात आली. किंमत होती सुमारे साडेसत्तेचाळीस हजार रुपये. बहुसंख्य शिक्षकांना तेव्हा ही रक्कम आवाक्याबाहेरचीच होती. ‘स्वस्त’ हा शब्द इतर मोटारींच्या मानाने वापरायचा. पण जुनी झालेली मारुती दुसऱ्या, तिसऱ्या हाताला जाऊ लागली तेव्हा ती खऱ्या अर्थाने स्वस्त झाली.

कुर्ल्यालाही जपानी इंजिनाची गरज भासली. १९८५मध्ये प्रीमियरने ११८ एनई ही गाडी काढली. तिचा सांगाडा फियाट १२४चा आणि इंजिन निस्सानचे, ११७१ घन सेंटिमीटरचे. तीही चालवायला चांगली होती. पण ती वरच्या गिऱ्हाइकासाठी होती. मारुतीची जागा तिने घेतली नाही.

भारतासाठी सुझुकीने अल्टोच्या घराण्यातल्या गाडीला जरा मोठे, तीन सिलिंडरचे इंजिन दिले. विद्यार्थ्यांना इथे एक उदाहरण देता येईल. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, दट्ट्याची चाल ७२ मिलिमीटर, सिलिंडर तीन. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून एकूण घनफळ काढा. उत्तर येते सुमारे ७९६ घन सेंटिमीटर. ‘८००’ हे नाव यातूनच आले. जपानमधल्या ५५० वर्गातल्या भावंडाचा व्यास होता ६२ आणि चाल ६० मिलिमीटर. तेही गणित विद्यार्थ्यांनी करून पाहावे.

मजा कुठून येते?

ज्यांनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर सोडून मारुती घेतली त्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असे : ‘गाडी कशी हातात येते!’ हे हातात येणे म्हणजे नेमके काय, ते आकड्यांत सांगता येते.

पहिली गोष्ट वेग घेण्याची. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान. मारुती ८००चे वजन सुमारे ६५० किलो आणि ताकद सुमारे ३७ अश्वशक्ती. पद्मिनीचे वजन ९०० किलोंच्या जवळपास आणि ताकद सुमारे ४०. अ‍ॅम्बॅसडरच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनाची ताकद ५०च्या आसपास, पण वजन ११००हून जास्त. ताकदीला वजनाने भागले तर दर टनामागे मारुतीला सुमारे ५७, पद्मिनीला ४५ आणि अ‍ॅम्बॅसडरला ४५पेक्षाही थोडी कमी अश्वशक्ती मिळते. सर्वांत लहान इंजिनाची गाडी या हिशेबात सर्वांत पुढे!

दुसरी गोष्ट चढाची. पोयनाडहून अलिबागला येताना कार्ले खिंड लागते. समजा, एखाद्या चढावर दर वीस मीटरला एक मीटर उंची वाढते आहे आणि गाडीला ताशी ४० किलोमीटर वेग राखायचा आहे. माणसांसह ९०० किलोंच्या गाडीला केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे साडेसहा अश्वशक्ती लागेल. माणसांसह १४०० किलोंच्या गाडीला सुमारे दहा. हवेचा आणि चाकांचा अडथळा वेगळा. जड गाडी ही जादा साडेतीन अश्वशक्ती पेट्रोलमधूनच काढणार.

तिसरी गोष्ट वळणाची, आणि खरी मजा इथे आहे. वस्तूला स्वतःभोवती फिरवायला किती जोर लागेल हे नुसत्या वजनावर ठरत नाही. ते वजन मध्यापासून किती दूर पसरले आहे यावरही ठरते. याला जडत्वाघूर्ण म्हणतात. ढोबळ तुलनेसाठी वजन गुणिले लांबीचा वर्ग असे धरू. ३.३ मीटर लांबीच्या मारुतीचा आकडा ४.३ मीटर लांबीच्या अ‍ॅम्बॅसडरच्या साधारण एक-तृतीयांश येतो. वजन निम्म्याहून थोडे जास्त, पण वळण्याला होणारा विरोध मात्र एक-तृतीयांश. काशीदहून मुरुडकडे जाताना डोंगरकडेची वळणे एकामागून एक येतात. तिथे हातातले चाक फिरवताक्षणी गाडीचे तोंड फिरते, ते यामुळे.

रचनेचाही वाटा होता. मारुतीचे इंजिन आडवे बसवलेले आणि ताकद पुढच्याच चाकांना दिलेली. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब, जड दांडा वाचला, आतली जमीन सपाट झाली आणि इंजिनाचे वजन नेमके ओढणाऱ्या चाकांवर पडले. पावसाळ्यात लाल चिखलाने निसरड्या झालेल्या चढावर याचा उपयोग चालकाला न सांगता कळे.

स्वस्ताई आणि मजा या दोन वेगळ्या देणग्या नव्हेत, हे आता लक्षात येईल. पोलाद कमी वापरले म्हणून गाडी स्वस्त झाली. पोलाद कमी वापरले म्हणूनच ती चपळ झाली. दोन्हींचे मूळ हलकेपणात आहे आणि हलकेपणाचे मूळ त्या कुंपणात.

खाऱ्या हवेत

रायगडच्या किनाऱ्यावर मोटारी येण्याआधी आणि आल्यानंतरही लोकांची खरी भिस्त एस.टी.वर, रेवसच्या लाँचवर आणि मिनिडोअरवर राहिली. तीन चाकांची ती मिनिडोअर पुण्याच्या बजाज टेंपोची. पण पुलांनी खाड्या ओलांडल्यावर आणि मुंबईकर सुटीला येऊ लागल्यावर छोट्या मोटारीने इथे जम बसवला. रुग्णाला अलिबागला नेणे, मुंबईच्या पाहुण्यांना आणणे, सुपारीचे पोते टाकणे, सगळ्याला ती पुरली. १९८४मध्ये आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, तर याच कामांसाठी घडवल्यासारखी होती. तेच ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन पुढच्या आसनाखाली आणि मागे एक मोकळी खोली!

समुद्राने मात्र या गाड्यांकडून आपला कर वसूल केला. लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू लागतो. पाण्यात मीठ विरघळले की ते विजेचे चांगले वाहक होते. पत्र्याच्या एका भागाचे विद्युत्-अग्र दुसऱ्या भागाशी झटपट जोडले जाते आणि गंज वेगाने वाढतो. क्लोराइडचे आयन धातूवरचा संरक्षक थरही फोडतात. पत्रा जाड असो वा पातळ, गंज आत शिरण्याचा वेग साधारण सारखाच. पण पाव मिलिमीटर गंज जाड पत्र्याला नुसता ओरखडा ठरतो, तर पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याचा तो तिसरा हिस्सा खातो. म्हणून दाराच्या खालच्या कडा आणि सांध्यांच्या फटी आधी जातात. किनाऱ्यावरच्या गॅरेजमधला मिस्त्री गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायला सांगतो, त्याच्या सांगण्यात एवढे रसायनशास्त्र आहे.

हलकेपणाची दुसरी बाजू

गंजापेक्षा गंभीर प्रश्न दुसरा आहे. जानेवारी २०१४मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या टकरीच्या चाचण्यांचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या त्या चाचणीत पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांत मारुतीची अल्टो ८०० होती. टाटा, फोर्ड, ह्युंदाई आणि फोक्सवॅगन यांच्याही गाड्या होत्या. त्याच महिन्यात मूळ मारुती ८००चे उत्पादन थांबले. तीस वर्षांत तिच्या पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या.

यावरून ‘हलकी म्हणजे धोक्याची’ असा निष्कर्ष पटकन काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. भिंतीवर आपटणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा तिच्या वजनाच्या प्रमाणात असते. हलक्या गाडीला जिरवायची ऊर्जा कमीच असते. ती चुरगळणाऱ्या पुढच्या भागात जिरवायची आणि माणसांभोवतीचा पिंजरा शाबूत ठेवायचा, हे रचनेचे आणि पोलादाच्या प्रतीचे काम आहे, नुसत्या वजनाचे नव्हे. आपल्याकडे ऑक्टोबर २०१७पासून नव्या मॉडेलना टकरीची चाचणी सक्तीची झाली आणि परिस्थिती बदलू लागली. २०२४मध्ये मारुतीच्याच डिझायरला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. म्हणजे करता येत होते. नियमाने मागितले नव्हते.

पण दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली तर वजनाला महत्त्व येते. हे उदाहरण दहावी-अकरावीच्या वर्गात जरूर घ्यावे. ७०० किलोंची आणि १४०० किलोंची, अशा दोन गाड्या प्रत्येकी ताशी ५० किलोमीटर वेगाने एकमेकींवर आदळून चिकटल्या असे समजा. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने दोन्हींचा मिळून वेग जड गाडीच्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटर राहील. म्हणजे जड गाडीतल्या माणसांचा वेग क्षणार्धात ताशी ३३ किलोमीटरने बदलला, हलक्या गाडीतल्या माणसांचा मात्र ६७ने. मुंबई-गोवा महामार्गावर ट्रेलरही असतात आणि अल्टोही, तिथे हे गणित कागदावर राहत नाही.

मग प्रत्येक शहाणा माणूस काय करील? दुसऱ्याहून जड गाडी घेईल. शेजाऱ्याने घेतली की आपणही घेऊ. सगळ्यांनी घेतली की कोणाचीच सुरक्षितता वाढत नाही. पायी चालणाऱ्याची आणि सायकलवाल्याची कमी होते, पेट्रोल जास्त जळते आणि वाट तेवढीच राहते. एकेका माणसाच्या शहाणपणातून सर्वांचा तोटा होतो, अशा जागी नियमाची गरज असते.

कोणते कुंपण?

आपल्याकडेही आज छोट्या गाडीची व्याख्या आहे. २००६मध्ये ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ठरावीक मापाच्या इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. पेट्रोलला १२०० आणि डिझेलला १५०० घन सेंटिमीटर ही इंजिनाची मर्यादा. सप्टेंबर २०२५मध्ये वस्तू आणि सेवा कर अशा गाड्यांवर २८वरून १८ टक्क्यांवर आला. कारखान्यांनी या नियमाचे उत्तर बरोबर दिले : लांब गाड्यांची शेपटी कापून त्या चार मीटरच्या आत बसवल्या. पण या व्याख्येत रुंदीबद्दल काही नाही आणि वजनाबद्दलही नाही. त्यामुळे याच सवलतीत पावणेदोन मीटरहून रुंद, उंच आणि टनाहून जड गाड्याही बसतात. कुंपणाची जी बाजू मोकळी ठेवली त्या बाजूने गाडी वाढली.

जपानमध्ये केइ वर्ग अजून आहे. १९९०पासून इंजिनाची मर्यादा ६६० घन सेंटिमीटर आणि १९९८पासून रुंदी १.४८ मीटर. टकरीच्या कसोट्या आल्या तशी गाडीला थोडी जास्त जागा दिली, पण कुंपण काढले नाही. आजही तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत साधारण दर तिसरी गाडी या वर्गातली असते.

ओसामू सुझुकी डिसेंबर २०२४मध्ये वारले. २०२५मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. त्यांचा गौरव योग्यच आहे. पण त्यांच्या गाडीकडून शिकायचे असेल ते त्यांच्या चातुर्यापेक्षा मोठे आहे. मर्यादा दोन प्रकारच्या असतात. एक मर्यादा सांगते, ‘तू करू नकोस’. दुसरी सांगते, ‘एवढ्यात करून दाखव’. शाळेत आपण दोन्ही वापरतो आणि त्यांतली कोणती मुलाचे डोके चालू करते, हे शिक्षकांना सांगायला नको. मोटारीच्या बाबतीत आता मागण्याजोगी मर्यादा अशी : वजन इतके, रुंदी इतकी आणि टकरीत आतली माणसे वाचली पाहिजेत. एवढ्यात करून दाखवा.

इचलकरंजीत काय किंवा अलिबागच्या गॅरेजात काय, करून दाखवणारे हात पूर्वीही होते आणि आजही आहेत.